आईची गावपळण

घरात बसून राहायचं कसं, हे आमच्या गावाला कोणी कधी शिकवलं नव्हतं. गाव सोडून जायचं कसं, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाठ. मालवण तालुक्यात दोन-तीन गावांची गावपळण असते, त्यातला एक गाव आमचा. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो, दिवस ठरतो आणि त्या दिवशी सगळा गाव कुलपं लावून शिवेबाहेर पडतो. सगळा म्हणजे अगदी सगळा. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, मागे कोणी राहायचं नाही. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाचा. आम्ही व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, काजूच्या बागेत माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहतो, मासे धरतो, कोंबडे कापतो, पत्ते कुटतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन घरी येतो. असं का करता, असं बाहेरचे लोक विचारतात. आम्ही त्यांना वेगवेगळी कारणं सांगतो. खरं कारण असं की मजा येते.

अशा गावाला २०२० च्या मार्चमध्ये सरकारनं सांगितलं की घराबाहेर पडू नका. पहिले आठ दिवस लोकांनी ते सणासारखं पाळलं. नंतर कळलं की आमचं जगणं म्हणजेच मुळात येणं-जाणं होतं. सुई हवी तर मालवण, डॉक्टर हवा तर कुडाळ, सहीशिक्का हवा तर ओरोस, आणि नोकरी हवी तर मुंबई नाही तर गोवा. प्रत्येक घरातला एक तरी माणूस कायम रस्त्यावर असायचा. शेजारच्या मुलाची बायको बाळंतपणाला गोव्यात माहेरी गेली होती, ती तिकडेच अडकली आणि त्यानं आपली मुलगी दोन महिने फोनवरच पाहिली. देवबागेतला माझा एक साडू पर्यटकांना खोल्या देतो. पाहुणेच नाहीत म्हणून तो रोज एका खोलीत स्वतः झोपून बघत होता, आणि चार नंबरच्या गादीबद्दल लोक इतकी वर्षं तक्रार करायचे ती खरीच होती, असं त्यानं मला फोनवर कबूल केलं. संध्याकाळी वस्तीची एसटी आली की आमच्याकडे देवाजवळ दिवा लागायचा. एसटी बंद झाली तशी बायकोची दिव्याची वेळ रोज वेगळी व्हायला लागली. घड्याळ भिंतीवर होतं, पण त्याच्यावर तिचा कधीच विश्वास नव्हता.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात समिती झाली तेव्हा अध्यक्ष म्हणून माझं नाव कोणी सुचवलं ते आठवत नाही, पण नको म्हटलं नाही हे पक्कं आठवतं. सहा वर्षं झाली होती कोणाला ओरडून. पडत्या फळाची आज्ञा समजून मी कामाला लागलो. सहा नियम लिहून काढले आणि देवळाच्या लाउडस्पीकरवरून स्वल्पविरामासकट वाचून दाखवले. चौथा नियम मला विशेष आवडायचा: देवाची शीव ओलांडून जो पलीकडे जाईल किंवा पलीकडून येईल, त्याने, तो कोणीही असो, चौदा दिवस पलीकडेच राहावे. घरोघर ताप बघत फिरणारी आरोग्य खात्याची आशाताई आणि गॅसवाला यांना तेवढी सूट होती. 'तो कोणीही असो' हे शब्द मी दोनदा वाचले.

मग आम्ही रस्त्यावर आडवा बांबू बांधला आणि तिथेच चूक झाली. हुकूम होता ग्रामपंचायतीच्या हद्दीवर अडवण्याचा. ती हद्द व्हाळाच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर, जिथे गावाच्या नावाची पाटी आहे तिथे. पण आमच्या डोक्यात गावाची कड म्हणजे व्हाळ. गावपळणीत आम्ही व्हाळ ओलांडला की गाव सुटला. तेव्हा समितीतल्या कोणालाही, वीस वर्षं चौथीच्या मुलांना गावाचा नकाशा शिकवलेल्या मलासुद्धा, पाटी आठवली नाही. पंधरा दिवसांनी तलाठी मोटारसायकलवरून आले. पाटीजवळ कोणी अडवलं नाही म्हणून ते वैतागतच व्हाळापर्यंत पोहोचले. म्हणाले, "मास्तर, तुमची हद्द मागे राहिली, बांबू इथे कसा?" मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

पण पुढे मे महिन्यात मुंबईचे लोक यायला लागले आणि त्याच चुकीनं आमची अब्रू वाचवली. येणाऱ्यांना प्रत्येक गावानं आपल्याच हद्दीत, शाळेत वगैरे, चौदा दिवस ठेवायचं होतं. आमची शाळा दोन खोल्यांची, त्यातल्या एकीचे वासे वाळवीनं खाल्लेले, आणि ती बरोबर गावाच्या मधोमध. लोक घाबरले होते. आपलीच माणसं येणार आणि आपल्यालाच त्यांची भीती वाटते, याची लाजही वाटत होती. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की बांबू आणि पाटी यांच्यामधली काजूची बाग सरकारच्या हिशेबानं गावात आहे आणि देवाच्या हिशेबानं गावाबाहेर. दोघांचंही समाधान होत होतं. शिवाय तिथे खोपी बांधायला आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. दोन दिवसांत दहा खोपी उभ्या राहिल्या, पंचायतीनं दोन संडास उभारले, विहिरीवर पंप बसला. तलाठ्यांनी बाग पाहिली, डोकं खाजवलं, पावसाआधी रिकामी होईल ना एवढं विचारलं आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी बायकोला मुंबईहून वहिनीचा फोन आला. ती आणि दादा निघाले होते.

इथे मला फणसाबद्दल सांगावं लागेल. आमच्या अंगणात कापा फणस होता. दादा दहा वर्षांचा असताना त्यानं तो लावला होता, असं आई सांगायची. दादा पस्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत होता, आणि दर मे महिन्यात घरी आला की बॅग खाली ठेवायच्या आधी झाडाखाली जाऊन फणस ठोकून बघायचा. चार वर्षांपूर्वी मी ते झाड तोडलं. मुळं घराच्या जोत्यात घुसली होती, पडवीच्या फरशा उचलल्या होत्या, कारण खरंच होतं. पण मी दादाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही, हे आता लिहायला हरकत नाही. त्या मेमध्ये तो आला, अंगणात उभा राहिला, बुंध्याकडे बघितलं, हातातली बॅग खालीसुद्धा ठेवली नाही, आणि तसाच वळून पिंगुळीला सासुरवाडीला गेला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. गणपतीलाही पिंगुळीलाच उतरायचा आणि आईला फोन करायचा. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती नुसतीच हो हो म्हणायची आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघायची. मी मास्तर. चूक दाखवायची सवय, कबूल करायची नाही. चार वर्षं तशीच गेली.

आता तो येत होता तोही नाइलाजानं. पिंगुळीची पंचायत जावयाला घ्यायला तयार नव्हती, मूळ गावातच जा म्हणत होती. म्हणून पासावर त्यानं आमच्या गावाचं नाव लिहिलं होतं. वहिनीनं बायकोला स्पष्ट सांगितलं की चौदा दिवस बागेत काढणार आणि तिथूनच परस्पर पिंगुळीला जाणार. तिचा भाऊ रिक्षा घेऊन येणार होता. बायकोनं हे आईला सांगितलं. आईचं वय चौऱ्याऐंशी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शिवेपर्यंत येतलो आणि घराक येवचो नाय?" आईनं पुढची भाकरी थापली.

ते लोक खारेपाटणच्या नाक्यावर सहा तास रांगेत उभे राहून, हातावर शिक्का मारून घेऊन आले. तळेऱ्याला देवगडकडचे लोक उतरले, तेव्हा कुठे गाडीत पाय पसरायला जागा झाली, असं वहिनी नंतर सांगत होती. सकाळी नऊच्या सुमाराला गाडी बागेत थांबली. मी बांबूपाशी अध्यक्ष म्हणून उभा होतो, हातात वही. दादा उतरला. दाढी वाढलेली, आणि चार वर्षांत बराच वाळला होता. मी व्हाळाच्या अलीकडून त्याचं नाव, वय आणि कुठून आला ते विचारलं. त्यानं तिन्ही प्रश्नांची उत्तरं सरळ दिली, जणू मी कोणी परका कारकून होतो. मीही लिहून घेतली. इतका मूर्खपणा माझ्या हातून शाळेत कधी झाला नव्हता.

आई तिथे आली नव्हती. मला वाटलं, रागावली असेल. मला वाटतं त्यातलं निम्मं खरं होत नाही, हे चौसष्ट वर्षांच्या अनुभवानं कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बांबूवर होतो तेव्हा आई रस्त्यानं येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, एका हातात जर्मनचं टोप, दुसऱ्या बगलेत कोंबडी. मागून बायको येत होती, तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिचं सगळं बोलून झालंय. गाठोडं ओळखीचं होतं. गावपळणीला निघताना आई तेच बांधायची, दोन लुगडी, घोंगडी, विळी आणि मिठाची बरणी. मी विचारलं, खंय चललंस? ती थांबलीच नाही. बांबूखालून वाकली, कोंबडी आधी पलीकडे सोडली आणि मग स्वतः गेली.

मी नियम सांगितला. ती व्हाळात घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि वळून म्हणाली, "तूच लिवलंस मां, पलीकडे जायत तेना चौदा दिस थंयच रवाचा? मी रवतंय."

नियमाविरुद्ध तिनं काही केलंच नव्हतं. आजवर कोणी इतका मनापासून पाळलाही नव्हता.

आशाताई धावत आली. आईच्या वयाच्या माणसांना किती जपायला हवं ते तिनं समजावलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की किती लांब राहिलं म्हणजे चालेल. शेवटी आशाताईनं दोरी लावून दादाच्या खोपीपासून वीस पावलं मोजली, तिथे चुन्याची रेघ मारली आणि ती दोघांनीही ओलांडायची नाही असं बजावलं. रेघेच्या अलीकडे, व्हाळाच्या बाजूला, आईची खोप उभी राहिली. बांबू दादानं कापून रेघेवर आणून ठेवले, बाकी सगळं आईनं केलं. झापं बांधायचे सुंभ ती गाठोड्यातून घेऊन आली होती.

ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून अशी गंमत सुरू झाली की मी हात टेकले. ज्यांची ज्यांची मुलं बागेत होती त्या सगळ्या म्हाताऱ्या गाठोडी घेऊन बाहेर पडायला लागल्या. एकीनं तर शेळी नेली. आठवड्याभरात पलीकडे सहा नव्या खोपी झाल्या, सगळ्यांपुढे चुन्याच्या रेघा. सरकारनं माणसांना हलू नका म्हणून सांगितलं होतं आणि आमच्या गावातल्या, एरवी देवळापर्यंतही न जाणाऱ्या म्हाताऱ्या मुक्काम हलवून बसल्या होत्या. मी लोकांना आत येऊ न देण्यासाठी बांबू बांधला होता. आता बांबूच्या आत मी, माझी समिती आणि ज्यांचं कोणीही मुंबईला नाही असे लोक उरलो. पलीकडून दिवसभर हसण्याचे आवाज यायचे.

वीस पावलांवरून बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आई तर ऐकायलाच कमी. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी व्हाळापर्यंत ऐकू यायच्या. मी रोज सकाळी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि भाजी व्हाळातल्या सपाट दगडावर ठेवायला जायचो आणि जरा जास्तच वेळ तिथे रेंगाळायचो. मला वाटलं होतं, आई दादाला समजावेल, तुझ्या भावाचंही बरोबर होतं, जोतं खचत होतं वगैरे. तसलं काही नाही. ती त्याला माझ्या तक्रारी सांगत होती. मी आमटीत मीठ कमी करायला लावलं, टीव्हीचा आवाज लहान करतो, देवळाच्या स्पीकरवरून बोलताना स्वतःचाच आवाज ऐकत राहतो. दादा खोपीच्या दारात बसून हसत होता. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं हसणं ऐकलं, आणि ते माझ्यावर होतं.

मला राग आला. राग नव्हे, मत्सर होता तो, सरळच सांगतो. आईला मी सांभाळतो. तिचे डोळे मी करून आणले, गुडघ्याला तेल माझी बायको लावते. पण दादा दर मेला यायचा तेव्हा ही बाई पहाटेपासून पडवीत बसायची आणि गाडी येईपर्यंत चहासुद्धा घ्यायची नाही. मी शाळेतून रोज साडेपाचला यायचो. रोज येणाऱ्याची कोण वाट बघणार? हे मी कोणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. चौसष्टाव्या वर्षी माणसानं हे बोलायचं तरी कोणाजवळ?

दहाव्या दिवशी दादा विहिरीवर गेलेला बघून मी आईला दगडापाशी बोलावलं आणि विचारलं की तो घरी यायचं काही म्हणाला का.

"तो येतलो," आई म्हणाली. "पण तेका कोणी बोलवक व्हया."

"तू बोलावलंस मां?"

"मी बोलावन काय उपेग? झाड काय मी तोडलंय?"

एवढं बोलून तिनं गोळ्यांची पुडी कमरेला लावली आणि ती परत गेली. मी पुढचे चार दिवस बायकोशी विनाकारण भांडलो.

दादाचे चौदा दिवस मंगळवारी संपले. आई दोन दिवस उशिरा गेलेली, तिचे गुरुवारी संपणार होते. मंगळवारी सकाळपासून मी बांबूवर होतो. रिक्षा आली नाही. दादानं वहिनीच्या भावाला गुरुवारी ये म्हणून कळवलं होतं, असं बायकोकडून समजलं. आईचे दिवस पुरे होईपर्यंत तो थांबणार होता. मला जरा बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की यानं काहीच ठरत नाही. गुरुवारीही तो पिंगुळीलाच जाऊ शकत होता.

गुरुवारी सकाळी बांबूपाशी निम्मा गाव जमला. बायको भाकरतुकडा ओवाळून टाकायला ताट घेऊन उभी होती. आशाताईनं तिघांचा ताप बघितला, कागदावर सही केली. रिक्षा येऊन बागेच्या कडेला थांबली. वहिनीचा भाऊ तोंडाला रुमाल बांधून लांब झाडाखाली उभा राहिला. दादा खाली बसून वळकटीला दोरी बांधत होता. तो आमच्याकडे बघत नव्हता. आणि आई, गाठोडं आणि टोप आणि कोंबडी घेऊन, व्हाळाकडे यायच्याऐवजी रिक्षेकडे गेली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. कोंबडी मांडीवर घेतली.

माझ्या बायकोनं हाक मारली. आईनं रिक्षेतून मान बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी पिंगुळीक चललंय. थंय फणस आसा म्हणतत."

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. समितीचे दोन सदस्य, बायको, ज्यांना मी पाढे शिकवले ती निम्म्या गावातली मंडळी. पलीकडे म्हाताऱ्या आपापल्या खोपींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला खरंच वाटलं की ती जाईल. ती जाणारीच बाई आहे. आणि संध्याकाळी मी घरी जाऊन आमटीत मीठ किती घालायचं ते कोणाला सांगणार होतो?

मी बांबूखालून वाकलो, व्हाळात उतरलो, चपलेसकट. पलीकडे जाऊन दादाच्या समोर उभा राहिलो. तो अजून ती गाठच मारत होता.

"दादा, माझा चुकला," मी म्हटलं. "तुका इचारूक व्हया होता. चल घराक."

त्यानं गाठ पुरी केली, मग सोडली आणि पुन्हा मारली. मग वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही, लपवायला तोंडावर मास्क असूनही काही उपयोग झाला नाही.

"चार वर्सां लागली रे इतक्या बोलूक?"

मी मान हलवली. तो उठला, वळकटी उचलली, रिक्षेपाशी गेला आणि आईला म्हणाला, "उतर गो आये." आई लगेच उतरली. तिनं इतक्या चपळाईनं उतरायला नको होतं, सगळं ठरवून केलं होतं हे उघड झालं. वहिनीच्या भावाला तिनं कोंबडी देऊन टाकली, एवढ्या लांब आलास म्हणून. व्हाळ ओलांडताना दादानं तिचा हात धरला होता. रेघेचे दिवस संपले होते. पलीकडे बायकोनं तिघांवरून भाकरतुकडा ओवाळला आणि दादाला बघून ती रडायला लागली. मग सगळा गावच जरा रडून घेतो तसं झालं.

मीही त्यांच्यामागून निघालो. बांबूखाली वाकलो तेवढ्यात समितीच्या सचिवानं हात आडवा केला. हा माझाच विद्यार्थी. सातवीत असताना शुद्धलेखनासाठी मी त्याला अख्खी दुपार बाहेर उभं केलं होतं.

"मास्तर, तुम्ही शीव ओलांडली आहे," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "नियम चौथा."

मी म्हटलं, दादाचे चौदा दिवस झालेत, मला कसला आजार होणार? तो म्हणाला, नियमात आजाराचा उल्लेख नाही, ओलांडण्याचा आहे. मी म्हटलं, मी अध्यक्ष आहे. त्यानं वही उघडली आणि 'तो कोणीही असो' हे शब्द वाचून दाखवले. दोनदा वाचले. मी आशाताईकडे बघितलं. तिनं सांगितलं की कालच ठाण्याहून पाच माणसं बागेत आली आहेत आणि मी त्यांच्या खोपीला घासूनच गेलो, तेव्हा मास्तरांनी थांबलेलं बरं. यात खरं किती आणि मजा किती ते मी आजतागायत शोधू शकलेलो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दादानं पलीकडून मला त्याची खोप दिली. दक्षिणेच्या बाजूला लाल मुंग्या आहेत, उशाला राख टाक, असं त्यानं ओरडून सांगितलं. मग ते सगळे घराकडे गेले, आई मधे, आणि मी काजूच्या झाडाखाली उभा राहून त्यांच्या पाठी बघत होतो.

ते दिवस मला वाटले होते तितके वाईट गेले नाहीत. ठाण्याच्या माणसांबरोबर वीस पावलांवरून पत्ते खेळायची एक पद्धत आम्ही शोधून काढली, ती इथे सांगत नाही, लांबेल. दुपारी दादा डबा घेऊन यायचा, दगडावर ठेवायचा आणि मी जेवून होईपर्यंत पलीकडे बसून राहायचा. जोतं त्यानं नीट बघितलं होतं. झाड तोडावंच लागलं असतं, असं तो एकदा म्हणाला. पण त्यानं ते बुंध्यापासून तोडलं नसतं, निम्मं ठेवलं असतं. मी म्हटलं, बरोबर. हे मी आता पटकन म्हणू शकत होतो.

आणि पाच वाजले की आई यायची. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मला वाटलं, पलीकडच्या म्हाताऱ्यांना भेटायला आली असेल. तिनं प्लास्टिकची खुर्ची बरोबर माझ्या खोपीसमोर ठेवली आणि बसली. फार बोलायची नाही, एवढ्या लांबून ऐकू येत नाही म्हणून असेल. नुसती बघत बसायची. अंधार पडायला लागला की बायको येऊन तिला घेऊन जायची. बायकोनं नंतर मला सांगितलं की मी बाहेर राहिलो त्या दिवसापासून आई दुपारचा चहा घेत नाही, आधी व्हाळावर जाऊन येते आणि मग घेते.

दहाव्या दिवशी उठताना तिनं हाताचा कर्णा करून विचारलं, "किती दिस रवले रे?"

चार राहिले होते. मी पाच बोटं वर केली.